टायटल नाइनची पन्नाशी उलटली, तरी कॉलेजांच्या क्रीडा विभागांच्या प्रमुखपदी स्त्रिया इतक्या कमी का?

पडवी

माझी धाकटी मुलगी इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात शिकते आणि कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायचे, असे तिने ठरवले आहे. त्या निमित्ताने गेल्या वर्षभरात आम्ही मायलेकी चार कॉलेजे पाहून आलो. सगळीकडचा क्रम सारखाच असतो: आधी मैदान आणि व्यायामशाळा दाखवतात, मग खेळाडूंसाठीची अभ्यासिका, आणि शेवटी मुख्य प्रशिक्षकांच्या खोलीत बसून बोलणे होते. चारपैकी तीन ठिकाणी मुलींच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक पुरुष होते, आणि संपूर्ण क्रीडा विभागाचा प्रमुख, ज्याला इथे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणतात, तो तर चारही ठिकाणी पुरुषच होता. त्यांतल्या एका कॉलेजात संचालकांच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या बोळात आजवरच्या सर्व संचालकांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. कृष्णधवल जाऊन रंग आले, टाय रुंद झाले आणि पुन्हा अरुंद झाले, पण ओळ संपेपर्यंत तिच्यात एकही स्त्री आली नाही. ओळ जिथे संपते, तिथे सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन या कायद्याच्या पन्नाशीचा भला मोठा फलक लावला आहे आणि त्यावर मात्र सगळ्या मुलीच आहेत, घामाघूम आणि हसऱ्या.

परतीच्या वाटेवर मी हे मुलीला बोलून दाखवले, तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटले नाही. नऊ वर्षांची असल्यापासून आपल्याला कोणकोण शिकवायला होते, ते तिने बोटांवर मोजले. सात जण झाले; त्यांत बाई एकच, आणि तीही अगदी लहान गटाला शिकवणारी. तिला यात काहीच खटकले नाही, हे मला त्या छायाचित्रांहून जास्त खटकले.

१९७२ च्या या कायद्यानंतर कॉलेजांत खेळणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तीस हजारांवरून दोन लाखांच्या पुढे गेली, असे सगळीकडे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेच आहे. मग इतक्या खेळाडूंमधून पुढे प्रशिक्षक आणि संचालक होणाऱ्या का निघत नाहीत? पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या झाल्या, त्यामुळे ‘अजून थोडा वेळ लागेल’ हे उत्तर आता मला पटत नाही. या क्षेत्रात काम केलेले किंवा त्याचा अभ्यास असलेले कोणी येथे असल्यास जाणून घ्यायला आवडेल.

जुना पंच

आपल्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाजूला करतो. स्त्रिया अजून वर पोहोचल्या नाहीत, असे आपण म्हणता. पण वस्तुस्थिती अशी आहे की त्या वर होत्या आणि तिथून खाली आल्या. १९७२ साली कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या मुख्य प्रशिक्षक स्त्रियाच होत्या, आणि मुलींच्या क्रीडा कार्यक्रमांचा कारभारही जवळजवळ तितक्याच प्रमाणात स्त्रियांच्या हाती होता. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कारपेंटर या दोन प्राध्यापिकांनी पुढे जवळपास चार दशके या आकड्यांचा पाठपुरावा केला. त्यांच्या २०१४ च्या पाहणीत प्रशिक्षकांचे प्रमाण सुमारे त्रेचाळीस टक्के आणि संचालकांचे सुमारे बावीस टक्के भरले. मुलांच्या संघांना स्त्री प्रशिक्षक असण्याचे प्रमाण तर या सर्व काळात तीन-साडेतीन टक्क्यांच्या आतच राहिले. थोडक्यात, मुलींच्या बाजूचे दार पुरुषांना उघडले, पण मुलांच्या बाजूचे दार स्त्रियांना कधी उघडलेच नाही. हिशेब एकाच बाजूने का घसरला, याचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

उरलेले निम्मे उत्तर इतिहासात आहे, आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करताना हीच कागदपत्रे मी वर्षानुवर्षे हाताळली आहेत. कायद्याआधी मुलींचे कॉलेज क्रीडाविश्व म्हणजे एक वेगळेच घर होते. शारीरिक शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका ते चालवत असत. पैसा नव्हता, प्रेक्षक नव्हते, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाला त्यात रसही नव्हता. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठात बास्केटबॉलच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या; महिन्याला अडीचशे डॉलर मिळत आणि संघाचे गणवेश धुण्यापासून व्हॅन चालवण्यापर्यंत सगळी कामे त्यांच्याकडेच होती. या घराचा कारभार पाहणारी एआयएडब्ल्यू ही राष्ट्रीय संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली. तिच्या सर्व अध्यक्ष स्त्रिया होत्या आणि भरात असताना तिची सदस्य कॉलेजे नऊशेहून अधिक होती. तेवढ्या सभा, तेवढ्या समित्या, तेवढी पदे स्त्रियांकडे होती. इतके नेतृत्व स्त्रियांच्या हाती या क्षेत्रात त्यानंतर कधीच आलेले नाही.

मुलांच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संघटना सुरुवातीला टायटल नाइनच्या थेट विरोधात होती. १९७४ मध्ये टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी पैसा मिळवून देणाऱ्या खेळांना कायद्यातून वगळण्याची दुरुस्ती मांडली, तिला एनसीएएचे पाठबळ होते. ती टिकली नाही, तेव्हा या संघटनेने १९७६ मध्ये सरकारवर खटलाही भरला. कायदा हटत नाही हे स्पष्ट झाल्यावर तिचे धोरण पालटले आणि मुलींच्या स्पर्धा आपणच भरवायच्या, असे तिने ठरवले. १९८१-८२ च्या हंगामात दोन्ही संघटनांच्या स्पर्धा समोरासमोर आल्या. एनसीएएने संघांचा प्रवासखर्च देऊ केला, मुलींच्या संघांसाठी जादा वर्गणी मागितली नाही, आणि तिच्यामागे दूरचित्रवाणीचा पैसा होता. त्या मार्चमध्ये महिला बास्केटबॉलचे दोन राष्ट्रीय विजेते झाले: एनसीएएचे लुइझियाना टेक आणि एआयएडब्ल्यूचे रटगर्स. उन्हाळ्यापर्यंत एआयएडब्ल्यूने गाशा गुंडाळला. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिने केलेला दावाही न्यायालयात टिकला नाही.

राष्ट्रीय पातळीवर जे झाले तेच आधी आणि नंतर कॉलेजाकॉलेजांत झाले. मुलांचा आणि मुलींचा असे दोन वेगळे क्रीडा विभाग होते, ते काटकसरीच्या आणि समानतेच्या नावाखाली एक करण्यात आले. दोन चुली मोडून एक झाली की घराला कर्ता एकच उरतो, आणि आपल्या भाषेत त्या शब्दाच्या पुढे ‘पुरुष’ आपोआप लागतो. जवळजवळ प्रत्येक विलीनीकरणात मुलांच्या विभागाचा प्रमुख हा एकत्रित विभागाचा संचालक झाला आणि मुलींच्या विभागाची प्रमुख त्याची सहायक झाली. अपवाद होते, जूडी स्वीट १९७५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एकत्रित विभागाच्या संचालक झाल्या आणि १९९१ मध्ये एनसीएएच्या पहिल्या स्त्री अध्यक्षही झाल्या. मात्र ते सदस्य कॉलेजांनी निवडून दिलेले मानाचे पद होते. त्या संघटनेचा प्रत्यक्ष कारभार चालवणारा पूर्णवेळ प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्यापासून आजच्या चार्ली बेकर यांच्यापर्यंत प्रत्येक वेळी पुरुषच राहिला आहे.

आणि याच काळात मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकाला बरा पगार मिळू लागला. गणवेश धुण्याची नोकरी होती तोवर ती बायकांची होती. तिला निवृत्तिवेतन आणि मोटार मिळू लागली, तेव्हा अर्जांचा गठ्ठा एकदम जाड झाला.

सरळमार्गी

जुना पंच यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला तितकासा पटत नाही. १९७२ मध्ये नव्वद टक्के स्त्रिया होत्या, कारण दुसरे कोणी त्या नोकरीसाठी अर्जच करत नव्हते. त्या आकड्याला आदर्श का मानायचे? स्पर्धा खुली झाली की प्रमाण बदलणारच. शिवाय त्या काळी एका कॉलेजात मुलींचे सरासरी दोन-अडीच संघ असत, आज आठ-नऊ असतात. म्हणजे टक्केवारी घसरली तरी स्त्री प्रशिक्षकांची प्रत्यक्ष संख्या वाढलीच असणार. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला जीनो ऑरिएम्मा यांनी बारा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्या मुलींना पुरुष प्रशिक्षक मिळाल्यामुळे त्यांचे नुकसान झाले, असे कोणी म्हणेल का?

दुसरे असे की ही नोकरी आडवेळेची आहे. संध्याकाळ, शनिवार-रविवार, सुट्ट्या, सगळे त्यात जाते. काही स्त्रिया विचारपूर्वक ती स्वीकारत नाहीत किंवा सोडतात. त्यांच्या निवडीलाही अन्याय ठरवले, तर मग निवडस्वातंत्र्याला अर्थ काय राहिला? मला हे खरोखर समजून घ्यायचे आहे, वाद घालण्यासाठी लिहिलेले नाही.

शिट्टी

सरळमार्गी, आपण विचारपूर्वक सोडणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केलात. मी त्यांतलीच एक आहे, म्हणून लिहिते.

मी आठ वर्षे एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मुलींच्या सॉकर संघाची सहायक प्रशिक्षक होते. हे काम आडवेळेचे आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. सामन्यांचा हंगाम तरी परवडतो, कारण त्याचे वेळापत्रक आधी ठाऊक असते. खरा जीव घेते ती नव्या खेळाडूंची शोधमोहीम. शाळकरी मुलींच्या क्लबांच्या स्पर्धा शुक्रवार ते रविवार असतात. सकाळी आठला पहिल्या मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायचे, दर वीस मिनिटांनी ती उचलून पुढच्या मैदानाकडे जायचे, दिवसाला नऊ-दहा सामने पाहायचे, रात्री मोटेलमध्ये बसून टिपणे लिहायची, आणि सोमवारी सकाळी सहाला पुन्हा संघाच्या सरावाला हजर. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी एका वर्षात अशी सतरा शनिवार-रविवारे घराबाहेर काढली. माझ्याच विभागातल्या तीन पुरुष सहकाऱ्यांनाही तेवढीच लहान मुले होती. त्यांना ‘मग बाळाकडे कोण पाहते?’ असे आठ वर्षांत एकदाही कोणी विचारलेले मी ऐकले नाही. मला खेळाडूंच्या आईवडिलांपासून उपसंचालकांपर्यंत सगळे विचारत. नोकरी दोघांची एकच होती, पण ज्याच्या मागे घर सांभाळणारे माणूस आहे अशाच्या मापाने ती बेतलेली होती. ती मी सोडली, हे खरे. पण ‘निवड’ हा शब्द वापरताना समोर पर्याय कोणते होते तेही पाहावे, एवढीच विनंती.

याहून कमी बोलली जाणारी एक गोष्ट सांगते. खेळाडू आपल्याकडे ओढताना काही प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजाबद्दल कानाशी कुजबुजतात. समोरची प्रशिक्षक अविवाहित बाई असेल, तर उघड काहीच बोलायचे नसते; ‘आमच्याकडे अगदी कौटुंबिक वातावरण आहे’ एवढे वाक्य आईवडिलांसमोर टाकायचे. त्याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला बरोबर कळतो. ती समलिंगी आहे असे सुचवून तिच्या संघापासून मुली तोडण्याचा हा जुना डाव आहे. म्हणजे लग्न केलेली बाई मुलाबाळांत अडकणार, आणि न केलेलीचे वातावरण कौटुंबिक नाही. यातून पार पडायला कोणत्या प्रकारची बाई असावी लागते, ते मला आजवर उमगलेले नाही.

संचालकपदाविषयी एक प्रसंग. मी सोडण्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे नव्या संचालकाची निवड होती आणि प्रशिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मला मुलाखतीच्या वेळी बसायला मिळाले. शेवटच्या तीन उमेदवारांत एक स्त्री होती. दुसऱ्या विद्यापीठात ती बारा वर्षे उपसंचालक होती आणि अर्थसंकल्प व नियमपालन दोन्ही तिच्याकडे होते. तिला पहिलाच प्रश्न आला, ‘फुटबॉलचा कारभार तुम्हाला झेपेल का?’ फुटबॉल म्हणजे इथे सॉकर नव्हे, तर मुलांचा अमेरिकन फुटबॉल. तिने शांतपणे सांगितले की तिच्या विद्यापीठात फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा करार तिनेच केला होता. उरलेले दोघे पुरुष होते. त्यांतल्या एकाने मुलींच्या एकाही संघाबरोबर कधी काम केले नव्हते, आणि त्याला मुलींच्या संघांचा कारभार झेपेल का, हे कोणी विचारले नाही. ते विचारायचे मलाही सुचले नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करते. घरी जाताना गाडीत सुचले.

ऑरिएम्मांचे उदाहरण चांगले आहे, ते जरा पुढे नेऊ. त्यांच्याबरोबर १९८५ पासून क्रिस डेली काम करत आहेत आणि त्यांच्या पदाला सहप्रमुख प्रशिक्षक म्हणतात. जुना पंच यांनी वर रटगर्सच्या १९८२ च्या शेवटच्या एआयएडब्ल्यू विजेतेपदाचा उल्लेख केला. त्या संघाच्या कर्णधार याच डेली. त्या तिथे आनंदाने राहिल्या असतील आणि ऑरिएम्मांच्या हाताखाली बहुतेक सहायक स्त्रियाच राहिल्या, हेही नोंदवायला हवे. पुरुष प्रशिक्षक वाईट असतात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे स्वतःचे उत्तम प्रशिक्षक पुरुष होते. मात्र ऑरिएम्मांच्या एकट्याच्या यशाने बाकीच्या शेकडो नेमणुका गुणवत्तेवर झाल्याचे सिद्ध होत नाही. आणि गुणवत्ताच पाहायची तर महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षक टारा व्हॅनडरव्हीअर स्टॅनफर्डमधून २०२४ मध्ये १,२१६ विजयांनिशी निवृत्त झाल्या. त्या क्षणी कॉलेज बास्केटबॉलमध्ये, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही धरून, एवढे विजय कोणाच्याही नावावर नव्हते. नंतर तो विक्रम ऑरिएम्मांनीच मोडला. पण मुलांच्या एखाद्या मोठ्या संघाने व्हॅनडरव्हीअर यांच्या तोडीच्या बाईला मुख्य प्रशिक्षक नेमल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

सरळमार्गी

फुटबॉलच्या प्रश्नाचा तो प्रसंग वाचून थांबलो. एकाला विचारलेला प्रश्न दुसऱ्याला उलट्या दिशेने विचारला गेला नाही, हे मला इतक्या स्पष्टपणे आधी दिसले नव्हते. आडवेळेच्या नोकरीबद्दल माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. काही कामे मुळातच तशी असतात. मात्र दर वीस मिनिटांनी खुर्ची उचलून दहा सामने प्रत्यक्ष पाहण्याची गरज आजच्या चित्रफितींच्या काळात खरोखर किती आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

माझी एक शंका शिल्लक आहे. टायटल नाइन हा इतका कडक कायदा आहे, तर त्याने प्रशिक्षकांच्या बाबतीत काहीच का केले नाही?

ताळेबंद

सरळमार्गी यांच्या शंकेचे उत्तर देतो. माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा असल्यामुळे बाकीचे लिखाण थोडे रुक्ष होईल.

टायटल नाइन नोकरीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच स्पष्ट केले. पण लागू असणे वेगळे आणि मोजणे वेगळे. १९७९ मध्ये सरकारने या कायद्याचा जो अर्थ लावून दिला, त्यात खेळाडूंसाठी तीन कसोट्या आहेत, आणि त्यांतली पहिलीच कसोटी अशी की विद्यार्थ्यांमध्ये मुलींचे जेवढे प्रमाण, तेवढेच साधारण खेळाडूंमध्ये असावे. ही संख्या मोजता येते, त्यामुळे तिच्यावरून खटले झाले आणि कॉलेजे हलली. प्रशिक्षक किंवा संचालक यांच्यासाठी अशी कोणतीही प्रमाणाची कसोटी नाही. तिथे प्रत्येक स्त्रीने स्वतःवर झालेला भेदभाव एकटीने सिद्ध करायचा असतो, आणि तसे करताना त्याच क्षेत्रातली आपली पुढची नोकरी पणाला लावायची असते. आयोवा विद्यापीठातल्या वरिष्ठ उपसंचालक जेन मेयर यांनी ते केले. २०१७ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि त्यानंतर विद्यापीठाने त्यांच्याशी व त्यांच्या जोडीदार असलेल्या माजी फील्ड हॉकी प्रशिक्षकांशी मिळून पासष्ट लाख डॉलरची तडजोड केली. याच आयोवामध्ये मुलींचा स्वतंत्र क्रीडा विभाग क्रिस्टीन ग्रँट यांच्या हाताखाली १९७३ पासून २००० पर्यंत चालला होता, म्हणजे बहुतेक ठिकाणचे विलीनीकरण आटोपल्यावरही कितीतरी वर्षे. घर फिरले की वासे फिरतात, ते इथे तारखेनिशी दिसते.

आता पडवी ताईंसाठी एक उपयोगाची गोष्ट. १९९४ च्या एका कायद्यानुसार, सरकारी विद्यार्थी मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण कॉलेजला आपल्या क्रीडा विभागाचा तपशील दरवर्षी जाहीर करावा लागतो. मुदत १५ ऑक्टोबरची असते आणि हे सर्व तक्ते संघीय शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तिथे कॉलेजचे नाव घातले की मुख्य प्रशिक्षकांचा तक्ता मिळतो: मुलांच्या संघांचे पुरुष प्रशिक्षक किती आणि स्त्रिया किती, मुलींच्या संघांचे किती, त्यांतले पूर्णवेळ किती आणि अर्धवेळ किती. सहायकांचा तक्ता वेगळा असतो, आणि तो आवर्जून पाहावा. मुख्य प्रशिक्षक सगळे पुरुष आणि सहायकांत मात्र स्त्रिया भरपूर, असे चित्र दिसले, तर पायऱ्या आहेत पण वरची पायरी काढून ठेवलेली आहे, असे समजावे.

त्या तक्त्यातली एक खाच मात्र लक्षात ठेवावी. पगाराची सरासरी दिलेली असते ती संघांनुसार, प्रशिक्षकांनुसार नव्हे. ‘मुलींच्या संघांच्या मुख्य प्रशिक्षकांचा सरासरी पगार’ या रकान्यात त्या संघांना शिकवणारे पुरुषही धरलेले असतात. त्यामुळे स्त्री प्रशिक्षकाला पुरुष प्रशिक्षकाच्या मानाने किती मिळते, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि अनेक बातमीदार नेमके तिथेच फसतात.

संचालकपदाकडे जाणाऱ्या वाटेवर पैशाचा उल्लेख राहून गेला आहे. आजचा संचालक म्हणजे मुख्यतः देणग्या गोळा करणारा आणि फुटबॉलचे करार करणारा माणूस. निवड अनेकदा खासगी भरती संस्थांमार्फत होते आणि त्यांच्या यादीत आधी ज्यांनी फुटबॉल सांभाळला त्यांचीच नावे फिरत राहतात. बार्बरा हेजेस १९९१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात संचालक झाल्या; फुटबॉल असलेल्या सर्वोच्च गटातल्या विद्यापीठाची धुरा स्त्रीकडे येण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक. सर्वांत श्रीमंत पाच परिषदांमधल्या (परिषद म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एखाद्या विद्यापीठात कृष्णवर्णीय स्त्री संचालक होण्यासाठी तर २०१७ उजाडावे लागले. त्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कार्ला विल्यम्स. २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची मुभा मिळाली आहे; २०२५-२६ या पहिल्या वर्षात ही मर्यादा दर कॉलेजामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. हा पैसा मुख्यतः फुटबॉलकडे वळणार असेल, तर ‘फुटबॉल झेपेल का’ हा प्रश्न पुढच्या मुलाखतींत आणखी मोठ्या आवाजात विचारला जाईल, असा माझा अंदाज आहे.

जुना पंच

ताळेबंद यांनी पायरी काढून ठेवल्याचे म्हटले, त्याला एक पुरवणी. विलीनीकरणात पदे गेल्यावर निर्णयाच्या वेळी खोलीत निदान एक तरी स्त्री असावी, म्हणून एनसीएएने विभागातल्या सर्वांत वरिष्ठ स्त्री अधिकाऱ्याला एक अधिकृत ओळख दिली. तिला सीनियर वुमन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणत आले आहेत. ते स्वतंत्र पद नाही, असलेल्या पदाला लावलेली पट्टी आहे. हेतू असा की फुटबॉलपासून अर्थसंकल्पापर्यंत सगळ्या विषयांत तिचे म्हणणे ऐकले जावे. व्यवहारात मात्र ‘ती मुलींचे खेळ पाहते’ असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो, आणि एक खुर्ची भरली की दुसरीची गरज कोणाला वाटत नाही. पडवी ताई, पुढच्या भेटीत ही व्यक्ती कोण आहे आणि तिच्याकडे प्रत्यक्ष कोणती कामे आहेत, हे विचारून पाहा.

पडवी

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न टाकताना मला वाटले होते की चार ओळींत उत्तर येईल.

काल रात्री मुलीला शेजारी बसवून मी चारही कॉलेजांचे तक्ते उघडले. जे कॉलेज तिच्या मनात पहिल्या क्रमांकावर आहे, तिथे मुलींचे नऊ संघ आहेत आणि त्यांपैकी तीन संघांच्या मुख्य प्रशिक्षक स्त्रिया आहेत. मुलांच्या सात संघांत एकही नाही. सहायकांच्या तक्त्यात मुलींच्या संघांकडे निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, म्हणजे ताळेबंद यांनी सांगितलेले चित्र हुबेहूब. मुलगी बराच वेळ तक्ता वर-खाली करत राहिली आणि मग तिने स्वतःच आपल्या क्लबचे नाव घालून पाहिले. क्लब त्या यादीत नसतात, हे कळल्यावर ती जरा चिडली.

आज सकाळी त्या कॉलेजच्या प्रशिक्षकांशी तिचे ठरलेले बोलणे होते. जुना पंच यांनी सुचवलेला प्रश्न मी विचारणार होते, पण माझ्या आधी तिनेच विचारला. ते गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी वरिष्ठ स्त्री अधिकाऱ्यांचे नाव लगेच सांगितले. त्यांच्याकडे कामे कोणती आहेत, असे तिने पुढे विचारले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मुलींच्या संघांचे बघतात, आणि हो, वार्षिक पारितोषिक समारंभही त्याच बघतात.’ मग त्यांनी नीट चौकशी करून कळवतो असे सांगितले. त्यांचा निरोप आला की इथे लिहीन.

शिट्टी, आपण काम सोडले तेव्हा आपल्या जागी कोण आले, हे विचारायचे राहून गेले.

शिट्टी

एक तरुण मुलगा आला, आमच्याच विद्यापीठाच्या मुलांच्या संघातून नुकताच बाहेर पडलेला. चांगला होता. चार वर्षांनी तो तिथे मुख्य प्रशिक्षक झाला.